छत्तीस खाटा आणि एक कपाट

झाग्रेब, ४ फेब्रुवारी १९८५

येल्के,

मी जिवंत आहे, हात थरथरायचे जवळजवळ थांबलेत, आणि इथला चहा आपल्या वॉर्डातल्या चहापेक्षाही पांचट आहे. तिन्ही बातम्या चांगल्याच समज.

निघताना तुला काहीच सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. त्या दिवशी ड्रेसिंगच्या खोलीत माझ्या हातून ट्रे पडला. डॉक्टर वुकोव्ह आत आले तेव्हा मी फरशीवर बसून कात्र्या-चिमटे गोळा करत होते आणि एकही धड उचलता येत नव्हता. दुपारचे दोन वाजले होते. त्यांना वास आला असणार. पण ते माझ्याशेजारी खाली बसले आणि एकेक कात्री उचलून ट्रेमध्ये ठेवू लागले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. चौदा वर्षं सर्जरीच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली, आणि शेवटी फरशीवर गुडघे टेकून बसले.

शिस्त समितीचा निकाल तुझ्या कानावर आला असेलच. तीन महिने इथं, दारू सोडवण्याच्या वॉर्डात राहायचं. मग १७ जूनला पुन्हा त्यांच्यासमोर उभं राहायचं. ठेवायचं की काढायचं, ते तेव्हा ठरवतील. स्त्येपान मला सोडायला आला होता. गाडीत चार तास शेजारी बसला आणि चार वाक्यं बोलला. नवरा रेल्वेत सिग्नल सांभाळणारा असला की असं होतं, लाल दिवा लागला की तो थांबूनच राहतो.

समितीनं आणखी एक विचारलं होतं. "तुझ्याबरोबर आणखी कोण प्यायचं?" मी म्हटलं, कुणी नाही, मी एकटीच. तेव्हा तू निवांत राहा.

तुझी,
रुझा


शुमारेवाच, १५ फेब्रुवारी

रुझे,

पत्र आलं तेव्हा मी आईला सूप भरवत होते. अर्धांगानं तिची उजवी बाजू गेली, पण जीभ जागेवर आहे हे तुला माहीतच आहे. "कुणाचं पत्र?" म्हणाली. म्हटलं, रुझाचं. "ती पडली म्हणे." म्हटलं, ती नाही, ट्रे पडला. "ट्रे कधी आपणहून पडत नाही," म्हणाली, आणि तोंड उघडून पुढच्या चमच्याची वाट बघत बसली.

वॉर्डाचं सांगते. छत्तीस खाटा भरलेल्या, वर दोन कॉरिडॉरमध्ये. तुझ्या जागी कुणी दिलेलं नाही. दोन तरुण पोरी जर्मनीला गेल्या, तिथं म्हणे आठ पेशंटांमागे एक नर्स असते. आपल्याकडे नाइटला छत्तीसांमागे एक, आणि ती एक बहुतेक मीच. सकाळी घरी येते तर इथं आई. म्हणजे एका वॉर्डातून सुटून दुसऱ्या वॉर्डात ड्युटी.

आपल्या नर्सेसच्या खोलीतल्या कपाटाला ब्लाझेन्का सिस्टरनं कुलूप घातलं. लोक काही थांबत नाहीत. ज्याचे टाके निघाले तो घरी जाताना कॉफीचं पाकीट, चॉकलेटचा डबा आणि बाटली ठेवूनच जातो. घरची प्लमची राकिया, दुकानची ब्रँडी, काही म्हण. नाही म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. परवा मोजल्या तर एकोणीस बाटल्या. किल्ली सिस्टरनं माझ्याकडे दिली. "येल्का, तू सगळ्यांत भरवशाची," म्हणाली. हेड सिस्टरच्या तोंडून अशी तारीफ मी बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकली.

समितीसमोर जे बोललीस ते बरं केलंस. तसंही मला तुझ्याइतकी कधी लागायची नाही. कधी दमले तर घोटभर, एवढंच.

हातावर कॉफीचं भांडं उलटलं, म्हणून खालच्या ओळी वेड्यावाकड्या झाल्या. लवकर बरी होऊन ये. तुझ्याशिवाय सगळ्यांची नक्कल करून दाखवायला कुणी उरलं नाही.

येल्का


झाग्रेब, २० मार्च

येल्के,

उत्तराला महिना लागला. इथं आम्हाला आपल्या पिण्याचा इतिहास लिहायला लावतात, पहिल्या घोटापासून. मी सहा पानं लिहिली आणि डॉक्टरीणबाईंनी ती परत दिली. म्हणाल्या, "रुझा, हे तर पेशंटचे केसपेपर झाले. यात तू कुठं आहेस?" मग पुन्हा लिहायला बसले.

तुला एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची ल्युबा आठवते का? अपेंडिक्स फुटून आलेली, वेणी कमरेपर्यंत. पहाटे गेली. मी तिला पुसलं, वेणी घालून दिली, आईला आत बोलावलं, आईला सावरलं. आणि मग घड्याळात पाहिलं तर थर्मामीटर लावायची वेळ झालेली. पुढच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "सिस्टर, आज उशीर केलात." मी म्हटलं, माफ करा. त्या सकाळी ड्युटीवरच्या डॉक्टरनं मला बोटभर ब्रँडी दिली. "घे, चेहरा पांढरा पडलाय तुझा." घेतली, आणि पाच मिनिटांत छातीवरचा दगड उतरला.

येल्के, त्या ब्रँडीचा उपयोग झाला, हेच माझं दुर्दैव. उपयोग झाला नसता तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. रडले असते, भांडले असते. पण मला औषध सापडलं होतं, आणि दर आठवड्याला पेशंट ते हातात आणून देत होते. पुढे कुणी गेलं की घ्यायचे, मग कुणी जाईल असं वाटलं की, मग नुसतं कामाला निघायचं म्हणून. त्या चौदा वर्षांत मला एकदाही कुणी विचारलं नाही, "तुझं काय?" आणि मीही कुणाला विचारलं नाही. तुलाही नाही.

म्हणून आता विचारते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिलं पान सरळ आहे आणि दुसऱ्यावर ओळी उताराला लागल्यात. भाजलेल्या हाताचं अक्षर मी ओळखते, आपल्याकडे भाजलेले खूप येतात. हे ते अक्षर नाही. माझं डिसेंबरातलं ड्युटीचं रजिस्टर काढून बघ, हेच अक्षर दिसेल.

ती किल्ली परत देऊन टाक. एवढंच कर.

रुझा


शुमारेवाच, २ एप्रिल

रुझा,

दोन महिन्यांत पाद्रीण झालीस की. अक्षरावरून पाप ओळखायला लागलीस. उद्या पोस्टाच्या शिक्क्यावरून भविष्य सांगशील.

तुझ्या जागी मी दुहेरी पाळ्या करते. तू तिथं गोलात खुर्च्या मांडून ल्युबाच्या वेणीच्या गोष्टी सांगतेस, आणि मी इथं जिवंत लोकांच्या लघवीच्या पिशव्या बदलते. घोटभर घेते, नाही कोण म्हणतंय? सगळं शहर घेतं. आपला संचालक दुपारच्या जेवणाबरोबर अर्धा लिटर वाइन घेतो आणि त्याला कुणी झाग्रेबला पाठवत नाही.

आणि एक खरं सांग. समितीला नंतर माझं नाव कळवलंस का? ब्लाझेन्का सिस्टर हल्ली माझ्याकडे बघते, मग खिडकीकडे बघते. तू कळवलं असशील तर आपलं बोलणं संपलं.

आईनं तुला नमस्कार सांगितलाय. माझा नाही.

येल्का


झाग्रेब, २९ एप्रिल

येल्के,

तुझं नाव मी कुणालाही कळवलेलं नाही, आणि कळवणारही नाही. ते सांगायचं असेल तर तूच सांगायचंस.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. समितीपुढे "कुणी नाही" म्हणाले तेव्हा मला वाटलं, मैत्रीण म्हणून मी केवढं मोठं काम केलं. इथं कळलं की मी तुला त्या कपाटाबरोबर एकटी सोडून आले. शिव्या दे. तुझा राग मला परवडेल, तुझी अंत्ययात्रा परवडणार नाही.

गेल्या आठवड्यात स्त्येपान पेशंटच्या कुटुंबीयांच्या बैठकीला आला होता. चाळीस लोकांसमोर उभा राहिला आणि टोपी चुरगाळत म्हणाला, "मी रोज शंभर गाड्यांना रस्ता दाखवतो. माझी बायको घरात समोरून येत होती आणि मी सिग्नल दिला नाही. मला वाटायचं, नर्स आहे, तिला कळत असेल." मग बसला आणि रुमालात नाक शिंकरलं. सतरा वर्षांच्या संसारात इतकं लांब तो पहिल्यांदा बोलला. परतीच्या गाडीची वेळ होईस्तोवर आम्ही बाकावर बसून सॅलामी आणि ब्रेड खाल्ला आणि लग्नाआधी हसायचो तसे हसलो.

१० मेला घरी येते. १७ जूनच्या सुनावणीत मी सगळं सांगणार आहे: माझं पिणं, कपाट, खाटा, पाळ्या. काढलं तर काढलं.

रुझा


झाग्रेब, ८ जून

रुझे,

पाकिटावरचा पत्ता बघून चष्मा पुसू नकोस. बरोबर वाचलास. तुझ्याच वॉर्डात आहे, खिडकीकडची खाट.

तू घरी आलीस तेव्हा मी तुला टाळत होते. तू दोनदा दारापर्यंत आलीस, मी आत दिवा मालवून बसले आणि आईला म्हटलं, बोलू नकोस. आई म्हणाली, "मी अर्धी मेलेय, तू पूर्ण." मला त्याचाही राग आला.

मग २१ मेची सकाळ. आठ नंबरच्या खाटेवर फिलोमेनाबाई, निवृत्त शिक्षिका, पायाच्या जखमेसाठी आलेल्या, साखरेचा आजार. न्याहारीआधी त्यांना इन्सुलिन द्यायचं होतं. मी सुई भरली, दंड पुसला, आणि त्या वर्गात फळ्याकडे बघावं तशा सुईकडे बघून म्हणाल्या, "सिस्टर, माझं औषध दुधासारखं गढूळ असतं. हे पाण्यासारखं आहे." मी म्हटलं, तेच आहे, बाई. त्या म्हणाल्या, "मुली, चाळीस वर्षं मी वह्या तपासल्या. चूक असेल तर ती मला दिसते. पुन्हा बघून ये."

बघून आले. बाटली चुकीची होती. साखर झटपट उतरवणारं औषध, आणि मात्रा दुसऱ्याची, कितीतरी जास्त. न्याहारी यायला अर्धा तास होता. तेवढ्यात काय झालं असतं ते तुला सांगायला नको.

मी परत गेले आणि म्हटलं, तुमचं बरोबर होतं. बरोबर औषध दुसऱ्या नर्सकडून द्यायला लावलं. मग ब्लाझेन्का सिस्टरच्या खोलीत जाऊन टेबलावर किल्ली ठेवली आणि म्हटलं, मी सकाळी सहालाच दोन पेले घेतलेत, मला झाग्रेबला पाठवा. तिनं किल्ली उचलून खणात टाकली. मग म्हणाली, "मला फेब्रुवारीपासून माहीत होतं. तुला घरी पाठवलं असतं तर नाइटला कुणाला उभं केलं असतं? म्हणून गप्प बसले. उलट किल्ली तुला दिली, म्हटलं जबाबदारीनं सावरशील. माझं चुकलं, पोरी." तिनं मला पोरी म्हटलं, रुझे. त्या बाईनं.

दोन कामं आहेत. पहिलं, आई शेजारणीकडे आहे, शेजारीण थकली. जमलं तर बघ. दुसरं, सोबतचा कागद सुनावणीत वाच. माझ्या नावासकट, मोठ्यानं. एकही ओळ गाळू नकोस.

आणि ते अक्षराचं. आता सरळ आहे का बघ.

येल्का


शुमारेवाच, १८ जून

येल्के,

आधी आईचं सांगते, कारण ती शेजारी बसून मी काय लिहिते यावर लक्ष ठेवून आहे. गेला आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मी असते, मधल्या वेळात स्त्येपान. तिनं त्याला पत्ते शिकवले आणि रोज हरवते. म्हणते, येल्कापेक्षा माझे हात हलके आहेत. मनावर घेऊ नकोस, स्त्येपानला तिनं बरोबर उलटं सांगितलंय.

आता काल.

इस्पितळाचं सभागृह. समितीचे नऊ जण लांब टेबलामागे. मला वाटलं होतं, समोरच्या खुर्च्या रिकाम्या असतील. आत शिरले तर आपल्या नर्सेस, पांढऱ्या गणवेशात. सुटी असलेल्याही गणवेश घालून आलेल्या. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या, हाडांच्या वॉर्डातल्या, ज्यांच्याशी मी कधी चार शब्द बोलले नाही त्याही. बसायला जागा नव्हती म्हणून बऱ्याच भिंतीला टेकून उभ्या.

संचालकांनी सुरुवात केली. "नर्स म्हणजे पेशंटची आई. आणि आई कामावर पिऊन येत नाही." टाळीच्या अपेक्षेनं थांबले. मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, कुठल्याही आईवर एका रात्रीत छत्तीस मुलं टाकून घरातले झोपायला जात नाहीत." मागे कुणीतरी हसलं.

मी माझं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही. ट्रेचं, ल्युबाचं, कपाटाचं. म्हटलं, दारू मी प्यायले, माझ्या हातानं, त्याची शिक्षा मला द्या. पण मी जाईन आणि माझ्या जागी दुसरी येईल, तिलाही तेच कपाट मिळेल आणि त्याच रात्री.

समितीत कामगारांकडून निवडून आलेली, स्वयंपाकघरातली इव्का, तुला माहीत आहे ती कशी, हाताची घडी घालून म्हणाली, "मीही दमते. मी सहाशे ताटं करते. मी पिते का?" मी म्हटलं, "इव्का, तुझ्या ताटांपैकी एखादं सकाळी मरतं का?" तिनं हाताची घडी सोडली. मग मी तुझा कागद वाचला.

एकही ओळ गाळली नाही. "माझं नाव येल्का. सर्जरी, बारा वर्षं. रुझा म्हणाली की तिच्याबरोबर कुणी नव्हतं. मी होते. तिनं मला वाचवायला खोटं सांगितलं, आणि माझ्या हातून एका बाईंचा जीव जाता जाता राहिला. मला कामावर परत यायचंय, पण लपून नाही." तुझ्या फिलोमेनाबाई पाय बांधलेल्या, चाकांच्या खुर्चीत, दारात होत्या. कुणी आणलं माहीत नाही. त्या हात वर करून म्हणाल्या, "त्या सिस्टरनं चूक कबूल केली. माझ्या वर्गात चूक कबूल करणाऱ्याला मी कधी नापास केलं नाही."

आणि मग ब्लाझेन्का सिस्टर उठली. काखेत पाळ्यांचं रजिस्टर. जानेवारीपासून वाचायला लागली, तारीख आणि नाव, तारीख आणि नाव. एकशे दहा रात्री एकच नर्स. त्यातल्या एकेचाळीस रात्री आदल्या दिवशीही काम केलेली तीच नर्स. शेवटी म्हणाली, "या प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. या दोघींना शिक्षा करायची असेल तर तिसरं नाव माझं लिहा." आणि ती बसली नाही, उभीच राहिली. तिच्या मागे भिंतीजवळच्या एक पाऊल पुढे आल्या. मग बसलेल्या उठल्या. येल्के, कुणी घोषणा दिली नाही. फक्त खुर्च्यांचा आवाज, आणि सगळं सभागृह पांढरं.

डॉक्टर वुकोव्ह समितीत होते. ते म्हणाले, "मी यांच्या बाजूनं हात वर करतो, आणि दोन जागा भरेपर्यंत रात्रीची ड्युटी डॉक्टर नर्सबरोबर जागून करतील, खोलीत झोपून नाही. सुरुवात माझ्यापासून."

सात विरुद्ध दोन. मला ठेवलं. तुझी जागा राखली. सप्टेंबरपासून नाइटला दोन नर्स, ठराव लेखी. दर बुधवारी आम्ही सगळ्या तासभर भेटायचं, वॉर्डात काय झालं ते बोलायचं, आणि तो तास ड्युटीत धरायचा. हा शेवटचा मुद्दा कुणी मांडला सांगू? इव्कानं. बाहेर आल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बुधवारी मीही येईन. माझं कपाट स्वयंपाकघरात आहे."

कपाट आज सकाळी रिकामं केलं. शिपाई मातो प्रत्येक बाटली मोरीत ओतताना टोपी काढत होता, शेवटी वासापासून लांब म्हणून त्याला आम्ही खिडकीजवळ उभं केलं. दारावर पाटी लावली आहे: सिस्टरांचे आभार मानायचे असतील तर फळं आणा. पहिल्याच दिवशी दोन टोपल्या चेरी आल्या. सगळ्यांचे गणवेश डागाळले, ब्लाझेन्का सिस्टरचासुद्धा.

सोमवारी माझी पहिली ड्युटी. सावकाश बरी हो, घाई करू नकोस. आम्ही आहोत.

रुझा

ता. क. अक्षर सरळ आहे.


झाग्रेब, २१ ऑगस्ट

रुझे,

तुझं जूनचं पत्र मी इथं वाचून दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी मागून घेतलं आणि आणखी दोन गटांत वाचलं. काल वाराझ्दिनकडच्या कुठल्याशा इस्पितळातून दोन नर्सेस आल्या होत्या, ठरावाची नक्कल मागत. त्या उपचाराला आल्या नव्हत्या, फक्त ठराव हवा होता. मी म्हटलं, ठराव रुझाकडे आहे, पण आधी तुमच्या बाजूनं उभी राहणारी हेड सिस्टर शोधा.

शनिवारी सुटते. दुपारच्या गाडीनं येते. स्त्येपानला सांग, सिग्नल हिरवा ठेव.

इथं विचारलं, परत सर्जरीत जाणार की बाह्य रुग्ण विभागात, तिथं काम हलकं असतं. मी सर्जरी म्हटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विचार करून?" म्हटलं, "नव्वद दिवस विचारच केलाय, बाई, दुसरं होतं काय इथं." भीती वाटत नाही असं नाही. पण आता वाटली तर बुधवार आहे.

आज दुपारचं एक सांगते आणि थांबते. नवीन बाई आली, माझ्या शेजारची खाट. समुद्राकडची, पस्तिशीची, बॅग उघडत नव्हती, हात बाह्यांमध्ये लपवलेले. विचारलं, काय करतेस? म्हणाली, कचेरीत टंकलेखन. तिनं खाटेवर चादर घातली, आणि मी पाहिलं, कोपरे तिनं आपल्यासारखे दुमडले, पंचेचाळीस अंशांत, न बघता. टंकलेखन करणारी बाई असे कोपरे घालत नाही.

तिच्यासाठी तो पांचट चहा आणला, समोर बसले आणि म्हटलं, "मी येल्का. सर्जरीची नर्स, बारा वर्षं. कामावर पीत होते, नव्वद दिवस प्यायले नाही, आणि सोमवारी सकाळी सातला माझी ड्युटी आहे."

तिनं दोन्ही हात बाहेर काढले, थरथरत होते तसेच टेबलावर ठेवले, आणि म्हणाली, "लहान मुलांचा वॉर्ड. अकरा वर्षं."

येल्का